पहिल्या घासातला सॅमन: सुशीची अलीकडची पार्श्वभूमी

सुशी पहिल्यांदा खायला बसणाऱ्याच्या पुढ्यात हल्ली ठरावीक गोष्टी येतात. केशरी सॅमन माशाची निगिरी (भाताच्या मुटक्यावर माशाचा काप), भात बाहेर आणि नोरी (समुद्री शेवाळाचा पापुद्रा) आत असा कॅलिफोर्निया रोल, आणि जागा मोठी असेल तर बशा घेऊन फिरणारा पट्टा. नवखा माणूस यालाच शेकडो वर्षांची जपानी परंपरा समजतो, आणि त्याला तसं सांगणारेही भेटतात. प्रत्यक्षात १९५० च्या टोकियोत सुशीच्या दुकानात शिरलेल्या गिऱ्हाइकाला यातली एकही गोष्ट दिसली नसती.

फार जुना भाग थोडक्यात उरकता येतो. मीठ लावलेला मासा भातात दाबून महिनोन्महिने आंबवायचा, आंबलेला भात काढून टाकायचा आणि मासा खायचा, ही मुळातली सुशी. ही पद्धत आग्नेय आशियातल्या भातशेतीच्या पट्ट्यातून जपानात आली, असं बहुतेक अभ्यासक मानतात. आठव्या शतकातल्या जपानी कायद्यांत कर म्हणून भरायच्या जिनसांमध्ये अशा माशाचा उल्लेख आहे. बिवा सरोवराच्या काठी फुनाझुशी या नावाने ती अजून होते आणि तिचा वास नवख्याला परतवून लावतो. पुढे आंबवण्याचा काळ कमी होत गेला, भातही खाल्ला जाऊ लागला आणि सतराव्या शतकात आंबटपणासाठी थेट व्हिनेगर वापरायला सुरुवात झाली. महिन्यांचं काम तासांवर आलं.

निगिरी आली ती १८२० च्या दशकात, एदोमध्ये, म्हणजे आजच्या टोकियोत. ती पहिल्यांदा कोणी केली यावर दोन-तीन दावे आहेत. त्यात शिरण्यापेक्षा ती कशी होती हे पाहणं उपयोगाचं. आकार आजच्या दुप्पट-तिप्पट. हातगाडीवर उभ्या-उभ्या खाऊन पुढे जायचं खाणं. साके या तांदळाच्या मद्याच्या चोथ्यापासून बनणारं लालसर, स्वस्त व्हिनेगर ओवारी प्रांतातल्या हांदाहून जहाजांनी यायचं, त्यामुळे भातही किंचित तांबूस दिसायचा. आणि मासा सहसा नुसता कच्चा नसायचा. कोहादा हा लहान मासा मीठ-व्हिनेगरात मुरवलेला, समुद्री ईल शिजवलेली, कोळंबी उकडलेली, ट्यूना सोया सॉसमध्ये बुडवून ठेवलेला. बर्फाशिवाय मासा टिकवायचा तर दुसरा इलाज नव्हता. म्हणजे ‘सुशी म्हणजे कच्चा मासा’ ही नवख्याची धास्ती ज्या काळाबद्दल असते, त्या काळात ती सर्वांत कमी लागू होती. ट्यूनाचा चरबीदार पोटाकडचा भाग तर तेव्हा कोणी मानाने खात नसे. तो लवकर खराब व्हायचा आणि बहुतेकदा टाकून दिला जायचा.

१९२३ च्या भूकंपाने टोकियो उद्ध्वस्त झालं आणि कामधंदा गेलेले सुशीवाले आपापल्या गावी परतले. एदोची ही शहरी चीज देशभर पसरली त्यामागे हे एक मोठं कारण. दुसरं कारण सरकारी आहे. युद्धानंतरच्या टंचाईत १९४७ मध्ये खानावळींवर बंदी आली. टोकियोतल्या सुशीवाल्यांनी त्यातून वाट काढली. गिऱ्हाइकाने एक ‘गो’ तांदूळ, म्हणजे साधारण १५० ग्रॅम, आणून द्यायचा आणि मजुरी देऊन रोलसकट दहा नग घेऊन जायचे. कागदोपत्री हे अन्न विकणं नव्हतं, धान्यावर प्रक्रिया करणं होतं. इतर प्रांतांनी हीच सवलत उचलली आणि तिच्याबरोबर टोकियोचा साचाही. आजच्या एका माणसाच्या ताटलीचं माप आणि नगाचा लहान आकार या दोन्हींचं मूळ बऱ्याच अंशी त्या सवलतीत आहे. ओसाकाची लाकडी साच्यात दाबलेली सुशी याच काळात मागे पडली. पुढे स्वच्छतेच्या नियमांनी हातगाड्या हटवल्या, सुशी दुकानात गेली आणि महाग झाली.

तिला परत आवाक्यात आणलं पट्ट्याने. १९५८ मध्ये ओसाकाच्या पूर्वेला असलेल्या फुसे इथे पहिलं फिरत्या पट्ट्याचं दुकान उघडलं. बिअरच्या कारखान्यात सरकणाऱ्या बाटल्या पाहून मालकाला ही कल्पना सुचली, असं सांगतात. १९७० च्या ओसाका प्रदर्शनात ती लाखोंनी पाहिली. नवख्याला याचा फायदा सरळ होता. नाव माहीत नसलं तरी चालतं, कारागिराच्या नजरेला नजर द्यावी लागत नाही, आणि बशीचा रंग बघून किंमत कळते.

त्याच सुमारास मासा पकडल्यापासून विकेपर्यंत थंड ठेवणारी शीतसाखळी आली आणि माशांची प्रतवारीच उलटली. ऑगस्ट १९७२ मध्ये कॅनडाच्या प्रिन्स एडवर्ड बेटाजवळ पकडलेले ब्लूफिन ट्यूना विमानाने टोकियोच्या बाजारात पोहोचले. जपानहून इलेक्ट्रॉनिक माल घेऊन अमेरिकेत येणारी विमानं रिकामी परतत होती, त्यांना भाडं हवं होतं. तोवर अटलांटिकच्या किनाऱ्यावर हौशी मच्छीमार ब्लूफिनसोबत फोटो काढून त्याला पुरून टाकत, नाहीतर तो प्राण्यांच्या खाद्यात जात असे. २०१९ च्या पहिल्या लिलावात टोकियोच्या तोयोसू बाजारात २७८ किलोच्या एका ब्लूफिनला ३३ कोटी ३६ लाख येन मिळाले. या आकड्यात जाहिरातीचा वाटा मोठा आहे हे खरं, तरी दिशा कळते.

अमेरिकेतला अध्याय याच दशकांतला. लॉस एंजेलिसच्या लिटल टोकियोत १९६० च्या दशकात सुशीचा काउंटर सुरू झाला आणि चरबीदार ट्यूना वर्षभर मिळेना म्हणून त्या जागी अ‍ॅव्होकॅडो आला. सोबत खेकडा. नोरीचा काळा, चिवट पापुद्रा पाहून बिचकणाऱ्यांसाठी भात बाहेर आणला गेला. कॅलिफोर्निया रोलवर व्हँकुव्हरही हक्क सांगतं. हा वाद मिटण्याची चिन्हं नाहीत आणि मिटून फारसा फायदाही नाही.

खरा गुंता सॅमनचा आहे, आणि तिथे थांबायला हवं.

जपानात सॅमन शतकानुशतकं खाल्ला जातो, पण खारवून, भाजून. पॅसिफिकमधल्या रानटी सॅमनमध्ये आनिसाकिस नावाची अळी असते. सागरी सस्तन प्राण्यांच्या विष्ठेतून अंडी पाण्यात येतात, त्यातून निघालेल्या अळ्या क्रिलसारख्या बारीक जिवांत शिरतात, ते जीव खाणाऱ्या माशात पोहोचतात, आणि तो मासा कच्चा खाणाऱ्या माणसाच्या जठराच्या भिंतीत घुसू पाहतात. काही तासांत पोटात असह्य कळा येतात. फितीसारख्या लांब जंताची भीती वेगळीच. व्हिनेगर, वासाबी, सोया सॉस यांपैकी कशानेही ही अळी मरेल अशी खात्री नाही. त्यामुळे कच्चा सॅमन नको, हा जपानी सावधपणा अंधश्रद्धेतून आलेला नव्हता. अपवादही होते. उत्तरेकडच्या होक्काइदो बेटावरच्या ऐनू या मूळ रहिवाशांमध्ये सॅमन थंडीत बाहेर गोठवून, अर्धवट वितळल्यावर कापून खायची रीत आहे. तिला रुइबे म्हणतात. गोठवण्याने अळी मरते हे सूक्ष्मदर्शकाशिवाय कळलेलं होतं.

१९७७ मध्ये अनेक देशांनी आपल्या किनाऱ्यापासून २०० सागरी मैलांवर हक्क सांगितला आणि जपानी बोटींची दूरची मासेमारी आकसली. देशाला मासा आयात करावा लागू लागला. दुसरीकडे नॉर्वेमध्ये पिंजऱ्यातली सॅमनशेती भराभर वाढत होती. १९८० च्या दशकाच्या मध्यावर नॉर्वेचं एक शिष्टमंडळ टोकियोला गेलं आणि त्यानंतर सॅमन कच्चा खाण्यासाठी विकायची सरकारी मोहीम सुरू झाली. भाजून खायच्या माशापेक्षा कच्चा खायच्या माशाला कितीतरी जास्त भाव मिळतो, एवढा साधा हिशेब त्यामागे होता.

जपानी व्यापाऱ्यांनी नाक मुरडलं. रंग बरोबर नाही, वास वेगळा आहे, डोक्याचा आकारही चुकलाय. काही वर्षं मोहीम दूतावासाच्या मेजवान्यांपलीकडे जेमतेम गेली. दरम्यान नॉर्वेत उत्पादन इतकं फुगलं की गोठवलेल्या सॅमनचे ढीग लागले आणि १९९१ मध्ये तिथली मध्यवर्ती विक्री संघटना दिवाळखोरीत निघाली. हे ढीग भाजण्यासाठी स्वस्तात विकायचे की कच्च्या माशाच्या बाजाराची वाट पाहायची, हा वादाचा निर्णय होता. अखेर एका मोठ्या जपानी गोठवण कंपनीने ५००० टन घेतले, आणि मोहीम चालवणाऱ्यांच्या सांगण्यानुसार अट एकच होती: हा माल दुकानात कच्चा खायचा म्हणूनच विकायचा.

ही गोष्ट हल्ली फार रंगवून सांगितली जाते, जणू नॉर्वेने एका फटक्यात जपानला सॅमन खायला शिकवलं. सांगणारे बहुतेक नॉर्वेच्या बाजूचे आहेत हे लक्षात ठेवावं. फिरत्या पट्ट्यांच्या साखळ्यांना स्वस्त, चरबीदार, वर्षभर सारखा मिळणारा मासा हवाच होता, आणि मुलांना त्याची सौम्य चव आवडली. माझ्या मते निर्णायक गोष्ट जाहिरात नव्हती, खाद्य होतं. पिंजऱ्यातल्या सॅमनला कोरड्या गोळ्या खायला घालतात. क्रिल पोटात जात नाही, म्हणून अळीची साखळी तुटते. हे नसतं तर पहिल्या दुखण्याच्या बातमीबरोबर मोहीम बुडाली असती. नावाची निवडही चलाख होती. भाजायच्या माशाला जपानीत ‘साके’ म्हणतात. नव्या मालासाठी ‘सामोन’ हा इंग्रजीवरून घेतलेला शब्द रूढ केला, म्हणजे जुनी भीती जुन्या नावापाशी राहिली.

आज पट्ट्याच्या दुकानांत काय आवडतं असं विचारणाऱ्या जपानी पाहण्यांत सॅमन वर्षानुवर्षं पहिला येतो. टोकियोतली जुन्या वळणाची बरीच दुकानं मात्र तो ठेवतच नाहीत. एदोच्या खाडीत मिळत नव्हता, एवढं कारण त्यांना पुरतं. हा हट्ट मला थोडा लटका वाटतो. कारण तीच दुकानं ज्या तोरोवर, म्हणजे ट्यूनाच्या चरबीदार पोटाच्या भागावर, नाव कमावतात, तो एदोत कचऱ्यात जात होता.

परदेशातल्या सुशीबद्दल जपान सरकारनेही एकदा असाच हट्ट धरून पाहिला. २००६ च्या अखेरीस बाहेरच्या जपानी रेस्तराँना ‘अस्सल’ असल्याचं प्रमाणपत्र देण्याची योजना जाहीर झाली. अमेरिकी वृत्तपत्रांनी तिला ‘सुशी पोलीस’ म्हणून हिणवलं आणि वर्षभरात सरकारी शिक्क्याची कल्पना बारगळली. २०१६ पासून परदेशी स्वयंपाक्यांच्या कौशल्याला सोनं, चांदी, कांस्य अशा पायऱ्यांची ऐच्छिक प्रमाणपत्रं मिळतात. त्यावर फारशी आरडाओरड झाली नाही.

गोठवण्याचे नियम जास्त परिणामकारक ठरले. अमेरिकेच्या मार्गदर्शक नियमांनुसार कच्चा वाढायचा मासा उणे २० अंश सेल्सियसला सात दिवस किंवा उणे ३५ अंशांत घट्ट गोठवून १५ तास ठेवायचा. ट्यूनाच्या काही जातींना आणि खाद्यगोळ्यांवर वाढवलेल्या माशांना सूट आहे. जपानी आरोग्य खात्याचा सल्ला उणे २० अंशांत २४ तासांचा. २०१५ मध्ये न्यूयॉर्क शहराने असा नियम आणला तेव्हा ‘ताज्या’ सुशीचा अंत झाल्याची ओरड झाली. खरं तर बहुतेक ठिकाणी मासा आधीपासूनच गोठवलेला येत होता. लांबच्या समुद्रातला ट्यूना बोटीवरच उणे ६० अंशांत जातो आणि वितळल्यावर ताज्यापासून वेगळा ओळखणं सरावलेल्यालाही जड जातं.

नवख्याला गोंधळात टाकतात ती लेबलं. अमेरिकेत पाकिटावर दिसणाऱ्या ‘सुशी-ग्रेड’ला कायद्यात व्याख्याच नाही. विक्रेत्याचं ते स्वतःचं म्हणणं असतं, म्हणून मासा कधी, किती अंशांत आणि किती वेळ गोठवला, हे विचारून घेणं हाच मार्ग. जपानी सुपरमार्केटात ‘कच्चा खाण्यासाठी’ आणि ‘शिजवण्यासाठी’ असे वेगळे शिक्के असतात, पण तिथेही एक फसवी जागा आहे. ‘नामाझाके’, शब्दशः ‘कच्चा सॅमन’, असं लिहिलेला तुकडा खारवलेला नाही एवढंच ते नाव सांगतं. तो बहुधा रानटी सॅमन असतो आणि त्याच पाकिटावर बारीक अक्षरांत ‘शिजवण्यासाठी’ छापलेलं असतं.