दिबाबा, पण कोणती? तिरुनेश की गेन्झेबे?

बातमीत नुसतं ‘दिबाबा’ छापलं की गल्लत ठरलेलीच. तिरुनेश आणि गेन्झेबे या इथिओपियाच्या धावपटू बहिणी आणि दिबाबा हे त्यांच्या वडिलांचं नाव. इथिओपियात आडनावाची पद्धत नाही, त्यामुळे सगळ्या भावंडांच्या नावामागे तेच येतं. तिरुनेश १९८५ची, गेन्झेबे १९९१ची. दोघीही अर्सी भागातल्या बेकोजीच्या. त्यांची मोठी बहीण इजेगायेहू हिनंही २००४च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये १०,००० मीटरचं रौप्य जिंकलंय, म्हणजे गोंधळात आणखी भर.

तिरुनेश लांब पल्ल्याची. २००३ साली पॅरिसच्या जागतिक स्पर्धेत ५,००० मीटर जिंकली तेव्हा ती जेमतेम १८ वर्षांची होती. तिची खरी ताकद शेवटच्या फेरीत दिसायची: आधी शांतपणे मागे राहायचं आणि घंटा वाजली की सुटायचं. २००७ला ओसाकात १०,००० मीटरच्या शर्यतीत ती पडली, मागे राहिली आणि तरीही सुवर्ण घेऊन गेली. माझ्या मते तिची हीच सर्वांत थोर धाव. पुढच्या वर्षी बीजिंग ऑलिंपिकमध्ये तिनं ५,००० आणि १०,००० दोन्ही जिंकलं; एकाच ऑलिंपिकमध्ये हे करणारी ती पहिली महिला. २०१२ला लंडनमध्ये पुन्हा १०,०००चं सुवर्ण. नंतर ती रस्त्यावर उतरली आणि २०१७ची शिकागो मॅरेथॉन जिंकली.

गेन्झेबेचं घर म्हणजे १,५०० मीटर आणि इनडोअर ट्रॅक. जागतिक इनडोअर स्पर्धेत तिची पाच सुवर्णं आहेत. ऑलिंपिक पदक मात्र एकच, २०१६च्या रिओतलं रौप्य. तिथं तिनं लवकर वेग वाढवला, पण केनियाच्या फेथ किपयेगोननं शेवटच्या फेरीत तिला गाठलं. एवढ्यावरून तिला ‘धाकटी, म्हणून दुय्यम’ म्हणणं मला अन्यायाचं वाटतं.

दोघींची सर्वाधिक सरमिसळ होते ती ५,००० मीटरमध्ये, कारण तिथं दोघीही धावल्या. २००८ला ऑस्लोमध्ये १४ मिनिटे ११.१५ सेकंदांचा विश्वविक्रम केला तो तिरुनेशनं. जुलै २०१५मध्ये पॅरिसला गेन्झेबे थोरलीच्या त्याच विक्रमामागे लागली आणि चार सेकंदांनी मागे पडली. त्याच महिन्यात १७ तारखेला मोनॅकोत तिनं १,५०० मीटर ३ मिनिटे ५०.०७ सेकंदांत पार केलं आणि चीनच्या छू युनशियाचा १९९३पासून अबाधित असलेला विश्वविक्रम मोडला.