वचन गाळलं की शब्द बदलला? इंग्रजी बायबलमधले दोन वेगळे फरक

न्यू इंटरनॅशनल व्हर्जनमध्ये प्रेषितांची कृत्ये, अध्याय 8 उघडा. 36 नंतर थेट 38 येतं. किंग जेम्स व्हर्जनमध्ये मात्र 37 शाबूत आहे: येशू ख्रिस्त देवाचा पुत्र आहे असा माझा विश्वास आहे, असं इथिओपियाचा अधिकारी फिलिप्पाला सांगतो. आता आमोस 4:6 काढा. मी तुमच्या सर्व नगरांत तुम्हांला ‘क्लीननेस ऑफ टीथ’ दिली, असं किंग जेम्समध्ये देव म्हणतो. न्यू इंटरनॅशनलमध्ये त्याच जागी ‘एम्प्टी स्टमक्स’, म्हणजे रिकामी पोटं आहेत.

दोन्हीकडे वाचणाऱ्याच्या मनात एकच शंका येते: नव्या भाषांतराने वचनाला हात लावला. पण हे फरक एका जातीचे नाहीत. पहिला पाठभेद आहे. भाषांतरकारांसमोरचा मूळ मजकूरच वेगळा होता. दुसऱ्यात मूळ तेच आहे, ते इंग्रजीत आणण्याची रीत वेगळी आहे. भाषांतर निवडताना होणारा बराचसा घोळ या दोघांची गल्लत केल्यामुळे होतो.

आधी पाठभेद. किंग जेम्स 1611 चं. त्याचा नवा करार 16 व्या शतकात छापलेल्या ग्रीक आवृत्त्यांवरून केला. त्या परंपरेला टेक्स्टस रिसेप्टस म्हणतात आणि तिची सुरुवात डच विद्वान इरॅस्मसच्या 1516 च्या आवृत्तीपासून होते. इरॅस्मसच्या हाताशी मोजकीच हस्तलिखितं होती, तीही बहुतेक उशिराच्या काळातली. चौथ्या शतकातली सिनाइटिकस आणि व्हॅटिकॅनस ही हस्तलिखितं अभ्यासकांना नीट तपासता आली ती 19 व्या शतकात. वचनांचे आकडे मात्र रोबेर एस्तिएन या मुद्रकाने 1551 मध्येच घालून ठेवले होते. त्यामुळे जुन्या हस्तलिखितांत नसलेलं वचन तळटिपेत नेलं तरी पुढचे आकडे सरकवता येत नाहीत, आणि पानावर खिंडार दिसतं. मत्तय 18:11 चंही असंच झालं. पण हरवलेल्यांना तारण्यासाठी मनुष्याचा पुत्र आला, हा त्यातला आशय लूक 19:10 मध्ये सगळ्याच भाषांतरांत आहे.

नव्या भाषांतरांनी ख्रिस्ताचं देवपण पुसलं, असा आरोप होतो तेव्हा 1 तीमथ्य 3:16 दाखवलं जातं. किंग जेम्समध्ये ‘देव देहात प्रकट झाला’, नव्यांमध्ये ‘तो देहात प्रकट झाला’. हा फरक जवळून पाहण्यासारखा आहे. जुने नकलकार ‘देव’ हा शब्द थीटा आणि सिग्मा या दोनच अक्षरांत, वर रेघ देऊन लिहीत. ‘जो’ (नव्या भाषांतरांतला ‘तो’ यावरूनच आला) हा शब्द ओमिक्रॉन आणि सिग्मा. थीटा म्हणजे गोल आणि त्यात आडवी रेघ. ओमिक्रॉन नुसता गोल. दोन बारीक रेघांवर सगळा वाद उभा आहे. आणि याच नव्या पाठामुळे, म्हणजे जुन्या हस्तलिखितांवरून ठरवलेल्या ग्रीक मजकुरामुळे, योहान 1:18 मध्ये इंग्लिश स्टँडर्ड व्हर्जन ख्रिस्ताला ‘देव’ म्हणतं, जिथे किंग जेम्स ‘एकुलता एक पुत्र’ म्हणतं. म्हणून हा आरोप टिकत नाही.

आता रीत. आमोसच्या वचनात हिब्रू शब्द ‘दातांची स्वच्छता’ असाच आहे. खायलाच काही नाही, म्हणून दात स्वच्छ. शब्दशः भाषांतर ही प्रतिमा राखतं, पण नवख्या वाचकाला ती दंतमंजनाची जाहिरात वाटू शकते आणि दुष्काळाचा धाक हातचा निसटतो. अर्थानुसारी भाषांतर धाक पोहोचवतं, प्रतिमा गमावतं. 1 पेत्र 1:13 मध्ये मनाची कंबर बांधायला सांगितलं आहे. मराठीत कंबर कसणं रोजचं असल्याने आपल्याला ते चटकन कळतं. इंग्रजीत तशी सोय नाही. म्हणून शब्दशः म्हणवणारं इंग्लिश स्टँडर्डही तिथे मन कामासाठी तयार करा, एवढंच म्हणतं. पूर्ण शब्दशः असं भाषांतर नसतंच, कमी-जास्त एवढाच प्रश्न असतो.

दोन्ही गोष्टी एकमेकींत कशा गुंततात ते न्यू किंग जेम्स (1982) आणि इंग्लिश स्टँडर्ड (2001) शेजारी ठेवलं की कळतं. दोन्ही शब्दशः वळणाची, वाचायला बरीच सारखी. पण न्यू किंग जेम्स टेक्स्टस रिसेप्टसवर उभं आहे, इंग्लिश स्टँडर्ड नव्या पाठावर. उलट इंग्लिश स्टँडर्ड आणि अर्थानुसारी न्यू लिव्हिंग ट्रान्सलेशन वाचायला अगदी निराळी, तरी दोघांचा ग्रीक पाठ जवळपास एकच. नाव नवं म्हणजे पाठ नवा, असं नाही.

म्हणून हातातली प्रत पारखायची तर वरच्याच दोन जागा उघडा. कृत्ये 8:37 वरून पाठ कळतो, आमोस 4:6 वरून रीत. मंडळीत किंग जेम्स वाचतात आणि तुम्हांला तीच वचनं आजच्या इंग्रजीत हवी असतील, तर न्यू किंग जेम्स घ्या. त्याच्या तळटिपांत ‘एनयू’ (अभ्यासकांचा नवा पाठ) आणि ‘एम’ (बहुसंख्य हस्तलिखितांचा पाठ) अशा खुणांनी इतर पाठ कुठे वेगळे आहेत तेही दिलेलं असतं. अभ्यासाला एक शब्दशः आणि एक अर्थानुसारी अशी जोडी लागतेच, उदाहरणार्थ इंग्लिश स्टँडर्ड आणि न्यू लिव्हिंग. पण ही जोडी एकमताने बोलली म्हणजे पाठाचा प्रश्न मिटला, असं धरू नका. तिथे साक्षीदार एकच आहे. पुस्तकांची संख्या 66 की 73, हा तिसराच विषय. तो प्रोटेस्टंट आणि कॅथलिक आवृत्त्यांचा आहे, त्याचा या दोन्हींशी संबंध नाही.

मोबाइलवर वाचत असाल तर तळटिपा सुरू आहेत का ते आधी बघा. त्या बंद असल्या की 37 कुठे गेलं याचा मागमूसही राहत नाही. आणि वर्ष तपासा: 1984 च्या न्यू इंटरनॅशनलमध्ये पौलाच्या ‘सार्क्स’ (देह) या ग्रीक शब्दासाठी अनेक जागी ‘सिनफुल नेचर’, म्हणजे पापी स्वभाव, होतं, 2011 च्या आवृत्तीत त्यातल्या बहुतेक जागी ‘फ्लेश’ परत आलं. मुखपृष्ठावर नाव तेच.