यारी लिटमानेन

(२० फेब्रुवारी १९७१ – ). फिनलंडचा निवृत्त फुटबॉलपटू. जन्म लाहती शहरात. आपल्याकडे रोमन अक्षरांवरून त्याचे नाव अनेकदा ‘जारी’ असे वाचले जाते; फिनिश उच्चार ‘यारी’. मायदेशी त्याला ‘कुनिंगास’ म्हणजे राजा म्हणतात. बर्फावरच्या हॉकीवर जीव टाकणाऱ्या देशात एका फुटबॉलपटूच्या वाट्याला ही पदवी यावी, हे विशेषच.

घरात फुटबॉल आधीपासून होता. वडील ओलावी राष्ट्रीय संघातून खेळलेले, आई लीसाही लाहतीच्या रेइपास क्लबची खेळाडू. यारी लहानपणी हॉकीही खेळला. पण १९८७ मध्ये रेइपासकडून पहिल्या श्रेणीत उतरला आणि पुढची दिशा ठरली. हेलसिंकीचा एचजेके आणि मग मायपा या क्लबांत एकेक वर्ष काढून १९९२ मध्ये तो ॲमस्टरडॅमच्या आयाक्समध्ये दाखल झाला.

पहिल्या मोसमात त्याला फारशी संधी नव्हती, कारण त्याच्या जागेवर डेनिस बर्गकाम्प होता. १९९३ मध्ये बर्गकाम्प इटलीला गेला आणि १० क्रमांकाचा शर्ट लिटमानेनकडे आला. त्या मोसमात त्याने डच लीगमध्ये सर्वाधिक, २६ गोल केले. त्याला आघाडीपटू म्हणावे की मधल्या फळीतला, हा वाद नोंदी करणाऱ्यांना कायम छळतो. प्रशिक्षक लुई व्हान गालच्या रचनेत तो मुख्य आघाडीपटूच्या मागे थांबे, बचावपटूंचे लक्ष पुढच्यावर खिळले की मोकळ्या जागेत शिरे. तो विलक्षण वेगवान नव्हता. चेंडू कुठे पडणार हे त्याला इतरांआधी कळे. मैदानावरची जागा मधल्या फळीची, पण गोलांचा हिशेब आघाडीपटूचा: १९९९ पर्यंत आयाक्ससाठी लीगच्या १५९ सामन्यांत ९१ गोल.

१९९५ मध्ये चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्यात आयाक्स व्हिएन्नात मिलानला १–० हरवून युरोपचा विजेता झाला. त्याआधी उपान्त्य फेरीत बायर्न म्युनिकला ५–२ धुताना लिटमानेनचे दोन गोल होते. वर्षातील सर्वोत्तम फुटबॉलपटूसाठीच्या ‘बालोन दोर’ पुरस्काराच्या त्या वर्षीच्या मतदानात जॉर्ज वेआ आणि युर्गेन क्लिन्समन यांच्यामागे तो तिसरा आला. पुढच्या मोसमात उपान्त्य फेरीचा पहिला सामना आयाक्स घरच्या मैदानावर ०–१ हरला होता. अथेन्सच्या परतीच्या सामन्यात लिटमानेनने चौथ्याच मिनिटाला पानाथिनाइकोसची आघाडी पुसली आणि नंतर आणखी एक गोल केला. रोमच्या अंतिम सामन्यात फ्रांक डी बूरची फ्री किक युव्हेंटसच्या गोलरक्षकाला नीट अडवता आली नाही. सुटलेल्या चेंडूवर लिटमानेन हजर होताच; १–१. निकालासाठीच्या शूटआउटमधली पेनल्टीही त्याने जाळ्यात मारली, पण तिथे संघ ४–२ हरला. स्पर्धेत सर्वाधिक ९ गोल मात्र त्याचेच.

पुढचा प्रवास दुखापतींनी खाल्ला. १९९९ मध्ये बार्सेलोनात व्हान गालकडेच गेला, पण तिथे जम बसला नाही. जानेवारी २००१ मध्ये लहानपणापासूनचा आवडता क्लब लिव्हरपूल मिळाला. दोनच महिन्यांत फिनलंडकडून इंग्लंडविरुद्ध, तेही लिव्हरपूलच्याच ॲनफिल्ड मैदानावर, खेळताना मनगट मोडले आणि लिव्हरपूलने त्या मोसमात जिंकलेल्या चषकांपैकी दोहोंचे अंतिम सामने हुकले. नंतर पुन्हा आयाक्स, लाहती, रोस्टॉक, माल्मो अशी भटकंती झाली. इंग्लंडच्या फुलहॅम क्लबच्या पहिल्या संघाकडून तर एकही सामना झाला नाही.

राष्ट्रीय संघाकडून तो १९८९ ते २०१० या काळात १३७ सामने खेळला आणि ३२ गोल केले. मोठी स्पर्धा मात्र एकही नाही. सर्वांत जवळची संधी ११ ऑक्टोबर १९९७ रोजी हेलसिंकीत होती. हंगेरीविरुद्ध १–० आघाडी, नव्वद मिनिटांनंतरचा भरपाईचा वेळ सुरू, विश्वचषक पात्रतेच्या प्ले-ऑफचे दार उघडलेले. तेवढ्यात गोलसमोरच्या गोंधळात चेंडू फिनलंडच्याच गोलरक्षकाच्या अंगाला लागून आत गेला. असा गोल खाणे फिनिश प्रेक्षक अजून विसरलेले नाहीत.

नोव्हेंबर २०१० मध्ये, वयाच्या ३९व्या वर्षी, सान मारिनोविरुद्ध पेनल्टीवर त्याने शेवटचा आंतरराष्ट्रीय गोल केला. त्याच वर्षी लाहतीत त्याचा पुतळा उभा राहिला, म्हणजे तो अजून खेळत असतानाच. २०११ मध्ये एचजेकेबरोबर लीग आणि चषक दोन्ही जिंकून तो थांबला. फिनलंड युरो स्पर्धेत पहिल्यांदा उतरला तो २०२१ च्या उन्हाळ्यात. त्याच वर्षी तेमू पुक्कीने त्याचा ३२ गोलांचा विक्रम मागे टाकला.