नाव कुठल्या वहीत?

अंगणवाडी हा शब्द मूळचा मराठी, पण आमच्या बेळगाव सीमाभागातली, म्हणजे कर्नाटकातली, पाटी बघून तो कुणाला ओळखू यायचा नाही. खानापूर असो की निपाणी, पाटी कानडीत असते आणि वर महिला व मुलांच्या खात्याचं नाव. बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये महाराष्ट्रातल्या बोर्डी गावी काम सुरू केलं, तेव्हा वस्तीतली पोरं बालवाडीपर्यंत येत नव्हती. मग बालवाडीच उचलून त्यांच्या अंगणात नेली, म्हणून ती अंगणवाडी. तीस वर्षांनी केंद्र सरकारने देशभराची योजना आखली आणि तिच्या गावोगावच्या केंद्रांचं नाव हेच ठेवलं. बोर्डीत निघालेला शब्द असा दिल्ली आणि बंगळूर फिरून कानडी लिपीत आमच्या गल्लीत आला.

येताना मात्र एक वही घेऊन आला. ताराबाईंच्या अंगणात जे मूल दिसेल ते आपलं. सरकारी अंगणवाडीत वहीत नाव असेल ते मूल आपलं. सीमाभागात अंगणवाडीतून गरोदर बाया आणि मुलांना मिळणाऱ्या आहाराची बहुतेक रड या वहीपाशी येऊन थांबते.

याचं कारण आमच्या रिवाजात आहे. पहिलं बाळंतपण माहेरी. सातव्या महिन्यात डोहाळजेवण झालं की पोरगी माहेरी येते आणि बाळ दोन-तीन महिन्यांचं झाल्यावर परत जाते. डिंक, अळीव, खारीक-खोबरं, शेक-शेगडी हे सगळं आईच्या घरी. आता महाराष्ट्रातले चंदगड, आजरा, गडहिंग्लज, कागल एकीकडे आणि कर्नाटकातले बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी दुसरीकडे, यांच्यातल्या सोयरिकी पिढ्यान्‌पिढ्यांच्या. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्य पुनर्रचना झाली. तोवर मुंबई राज्यात असलेला बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात, गेला आणि त्यातला चंदगड तालुका तेवढा मुंबई राज्यातच राहून कोल्हापूरला जोडला गेला. सोयरिकींनी या रेघेची दखल घेतली नाही. चंदगडची माणसं अजूनही दवाखान्याला आणि बाजाराला बेळगावलाच येतात. म्हणजे ज्या महिन्यांत बाईला आहाराची सगळ्यात जास्त गरज, नेमक्या त्याच महिन्यांत ती एका राज्याच्या वहीतून उठून दुसऱ्या राज्यात राहायला येते.

१९५६ मध्ये हा प्रश्न नव्हता, कारण वहीच नव्हती. गरोदर बाई आणि तान्ह्या मुलाला जेवू घालणं हे घरचं काम, फार तर मिशन किंवा धर्मादाय संस्थेचं. सरकार यात हळूहळू उतरलं. १९७०-७१ मध्ये विशेष पोषण कार्यक्रम आला, रोख मुख्यतः झोपडपट्ट्या आणि आदिवासी भागांवर. १९७२ चा दुष्काळ दोन्ही राज्यांनी भोगला. महाराष्ट्राच्या बाजूला त्या वर्षाची आठवण म्हणजे मिलो ही परदेशी ज्वारी आणि सुकडी हा कोरडा पौष्टिक खाऊ. १९७४ मध्ये मुलांसाठी राष्ट्रीय धोरण जाहीर झालं आणि २ ऑक्टोबर १९७५ ला एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली, देशात फक्त ३३ ठिकाणी. कर्नाटकात पहिला प्रकल्प मिळाला तो म्हैसूर जिल्ह्यातल्या टी. नरसीपुराला. महाराष्ट्रात धारावीचा नंबर लागला. बेळगावपर्यंत योजना नंतर टप्प्याटप्प्याने आली.

सुरुवातीपासून योजनेत सहा गोष्टी होत्या: पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, गरज पडल्यास दवाखान्यात पाठवणं, आयांना आरोग्य-आहाराची माहिती आणि शाळेआधीचं शिक्षण. लोकांच्या लेखी मात्र अंगणवाडी म्हणजे खाऊ. केअर या अमेरिकी मदत संस्थेमार्फत आलेल्या परदेशी धान्याचं उपीट कर्नाटकात ज्यांनी लहानपणी खाल्लं, त्यांना त्याचा वास अजून आठवतो. तेव्हाची गंमत अशी, की आहार आला तर वाटायचा आणि नाही आला तर कुणी विचारायचं नाही. ती सरकारची मेहेरबानी होती.

हे बदललं ते कोर्टामुळे. २००१ मध्ये गोदामांत धान्य कुजत होतं आणि राजस्थानात दुष्काळ होता. पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज या संघटनेने सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. २८ नोव्हेंबर २००१ च्या हुकुमाने अंगणवाडीचा आहार हा हक्क ठरला. २००४ मध्ये आहाराच्या पुरवठ्यात ठेकेदार नकोत असं न्यायालयाने बजावलं. १३ डिसेंबर २००६ च्या हुकुमाने योजना सगळ्यांसाठी खुली झाली. त्यात वस्तीने मागितली तर अंगणवाडी द्यायची अशीही तरतूद होती. पुढे २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात हे पक्कं झालं. गरोदरपणात आणि बाळंतपणानंतर सहा महिने अंगणवाडीतून मोफत आहार, सहा महिने ते सहा वर्षांच्या मुलाला वयाप्रमाणे आहार, आणि आईला किमान ६,००० रुपयांचा मातृत्व लाभ. (२०१७ मध्ये प्रधानमंत्री मातृ वंदना योजना आली तेव्हा पहिल्या मुलासाठी ५,००० च ठरले. उरलेले दवाखान्यातल्या बाळंतपणासाठीच्या जननी सुरक्षा योजनेच्या पैशांत धरायचे, असा हिशेब. कायद्यात लिहिलेला आकडा सरकारनेच असा वाटून टाकला, याची आमच्याकडे फारशी चर्चा झाली नाही.)

कायदा एक, पण ताट दोन राज्यांत दोन तऱ्हेचं. केंद्राने २०१७ मध्ये ठरवलेल्या दरात गरोदर बाईच्या एका दिवसाला साडेनऊ रुपये आणि मुलाला आठ रुपये धरले होते. त्यातला निम्मा वाटा राज्याचा. त्यावर काय घालायचं आणि कसं द्यायचं हे राज्य ठरवतं. महाराष्ट्रात आदिवासी भाग सोडला, तर बाईला घरी न्यायचा शिधा मिळतो. कर्नाटकाने २ ऑक्टोबर २०१७ पासून मातृपूर्ण योजना आणली. गरोदर आणि बाळंतीण बाईने दुपारी अंगणवाडीत येऊन गरम जेवायचं, महिन्यातले २५ दिवस. भात, सांबार, भाजी, अंडं, दूध, शेंगदाण्याची चिक्की. मुलांना दूध तर त्याच्याही आधीपासून, २०१३ च्या क्षीरभाग्य योजनेतून मिळत होतं.

मला स्वतःला ही कल्पना आवडते. घरी नेलेला शिधा घरच्या डब्यात जातो आणि सगळ्यांच्या पोटात जातो. सुनेच्या वाट्याला किती येतो हे कुणी मोजत नाही. समोर बसून खाल्लेलं अंडं तरी तिचंच. पण ही योजना आखणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे दुपारी मोकळी असलेली बाई होती. निपाणीत तंबाखूच्या वखारीत जाणारी बाई बाराच्या ठोक्याला अंगणवाडीत कशी पोचणार? भातलावणीच्या दिवसांत खानापूरकडची बाई चिखलातून वर येऊन जेवायला जाईल का? आणि कणकुंबी-जांबोटीकडच्या जंगलातल्या वाड्या तर पावसाळ्यात तुटतातच. भीमगडच्या रानातल्या गावांतून दवाखाना गाठायला माणसाला डोलीत घालून आणावं लागतं, तिथे आठव्या महिन्यातल्या बाईने जेवणासाठी ओढा ओलांडावा ही अपेक्षाच चुकीची. नव्या सुनेने चारचौघींत बसून जेवणं काही सासवांना रुचत नाही, तो आणखी वेगळा भाग. २०२० मध्ये कोविडमुळे अंगणवाड्या बंद झाल्या आणि शिधा घरपोच आला. गैरसोयीच्या काळात काही बायांची तेवढी सोयच झाली.

आता कागद. कर्नाटकात गरोदर बाईला मिळतं ते ताई कार्ड, आई-बाळाच्या नोंदींचं. कानडीत ताई म्हणजे आई. मराठी घरात ताई म्हणजे मोठी बहीण, त्यामुळे नव्या सुनांना आधी गंमत वाटते. कार्ड कानडीत, फॉर्म कानडीत. भाषिक अल्पसंख्याकांची संख्या १५ टक्क्यांवर असेल तिथे महत्त्वाच्या सरकारी सूचना त्यांच्या भाषेतही द्याव्यात, असं देशपातळीवर ठरून दशकं झाली. मराठी कागदपत्रांची मागणी बेळगावात वरचेवर होते. पण मोर्चात सातबारा आणि पाट्यांचा विषय निघतो तसा ताई कार्डाचा निघाल्याचं मी तरी ऐकलं नाही. बहुतेक अंगणवाडी सेविका दोन्ही भाषा बोलतात, म्हणून निभतं. ते सगळं त्या बाईंच्या मेहनतीवर चालतं, आणि सरकार त्यांना आजही पगार नव्हे तर मानधन देतं.

वही आता फोनमध्ये गेली आहे. २०१८ मध्ये पोषण अभियान सुरू झालं, २०२१ मध्ये पोषण ट्रॅकर हे नोंदींचं अ‍ॅप आलं, आणि जुलै २०२५ पासून घरी न्यायचा शिधा देताना बाईचा चेहरा फोनवर जुळवायचा नियम झाला. नाव आधारशी जोडलेलं. इथे मराठी नावांची खास अडचण आहे. लग्नाआधी पोरीच्या नावामागे बापाचं नाव आणि माहेरचं आडनाव, लग्नानंतर नवऱ्याचं नाव आणि सासरचं आडनाव, कधी नावही बदललेलं. आधार माहेरचं, रेशनकार्ड सासरचं, बँकेचं पासबुक तिसऱ्याच स्पेलिंगचं. मातृ वंदनाचे पैसे अडकतात ते अनेकदा यात. ही योजना केंद्राची असल्यामुळे राज्याची हद्द तिला आड येत नाही, नावातली एक मात्रा मात्र येते.

पोषण ट्रॅकरमध्ये एका अंगणवाडीतून दुसरीकडे नाव हलवण्याची सोय आहे. म्हणून माहेरी निघण्याआधी सासरच्या अंगणवाडीत सांगून जाणं, कार्ड बरोबर नेणं आणि इकडे आल्याबरोबर सेविकेला दाखवणं एवढं केलं तर दोन-तीन महिने वाचतात. पण निघताना घरात ओटीची, गाडीची गडबड असते. अंगणवाडीत सांगायचं कुणाच्या डोक्यात येत नाही.

महाराष्ट्र सरकारने २०२३ मध्ये महात्मा फुले जनआरोग्य योजना सीमाभागातल्या, महाराष्ट्राचा दावा असलेल्या कर्नाटकातल्या ८६५ गावांना लागू करायचं ठरवलं. त्यावरून दोन्ही राज्यांत जुंपली. ती योजना ऑपरेशन आणि मोठ्या आजारांसाठी आहे, आहार तिच्यात येत नाही. आहाराचं दुखणं मात्र दोन्हीकडे सारखंच: २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात पाच वर्षांखालच्या खुरटलेल्या, म्हणजे वयाच्या मानाने उंची कमी असलेल्या, मुलांचं प्रमाण कर्नाटकात ३५.४ टक्के निघालं, महाराष्ट्रात ३५.२.

बाळ तीन महिन्यांचं झालं की चंदगडची सून परत जाते. पिशवीत डिंकाचे लाडू आणि कानडी कार्ड. तिकडच्या सेविकेला त्यातली अक्षरं लागत नाहीत, पण वजनाचे आकडे लागतात. बाळाच्या वाढीच्या तक्त्यावरचे हिरवा, पिवळा, नारिंगी पट्टे दोन्हीकडे सारखेच आहेत. बाळाचा ठिपका कुठल्या पट्ट्यात आहे ते बघून ती त्याचं नाव आपल्या यादीत चढवते.