एलआयसीची देय तारीख आणि गाडीच्या विम्याची मुदत

गेल्या गड्ड्याच्या, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेच्या वेळची गोष्ट. दाजींच्या गाडीचा विमा ११ जानेवारीला संपला. घरात अक्षता सोहळ्याला आलेले पाहुणे, यात्रेत घालायच्या पांढऱ्या बाराबंद्या इस्त्रीला गेलेल्या, त्यात विम्याचा कागद कोण बघतंय? १७ तारखेला होटगी रोडवर रिव्हर्स घेताना गाडी खांबाला लागली आणि मागचा बंपर लोंबायला लागला. दाजींनी निवांतपणे कंपनीला फोन केला, तिथून नकार आला, मग मला फोन.

"अरे, सहाच दिवस झालेत की! एलआयसीवाले महिनाभर थांबतात, यांना काय होतंय?"

दाजी वीस वर्षं एलआयसीचे हप्ते भरतात, कधी वेळेवर, कधी महिना संपता संपता. एकदाही अडलं नाही. तीच सवय त्यांनी गाडीला लावली. ज्या गावातून दाते पंचांग निघतं तिथं तिथी कुणाची चुकत नाही, पण अशी तारीख भल्याभल्यांची चुकते.

एलआयसीची पॉलिसी हा वीस-पंचवीस वर्षांचा एकच करार असतो. देय तारीख म्हणजे त्या लांब रस्त्यावरचा एक मैलाचा दगड. ती उलटली तर वार्षिक, सहामाही आणि तिमाही हप्त्याला किमान ३० दिवसांची सवलत मिळते, मासिक हप्त्याला १५ दिवसांची. त्या दिवसांत विमेदार गेला तरी वारसाला रक्कम मिळते, फक्त राहिलेला हप्ता वजा होतो. सवलतीचे दिवसही गेले तर पॉलिसी बंद पडते, पण तीसुद्धा पाच वर्षांच्या आत व्याजासह थकबाकी भरून, आणि लागल्यास तब्येतीचे कागद देऊन, पुन्हा चालू करून घेता येते. उसाचं बिल आल्यावर भरू, कारखान्याचा पगार झाल्यावर भरू, असं म्हणून लोक हे दिवस वापरतात आणि त्यात काही बिघडत नाही.

आता गाडीचा कागद काढा. त्यावर देय तारीख शोधून सापडणार नाही. तिथं 'पासून' आणि 'पर्यंत' एवढंच असतं. 'पर्यंत'च्या दिवशी मध्यरात्री करार संपतो. आपण रिन्यूअल म्हणतो खरं, पण तो नव्यानं केलेला करारच असतो. गाडीची किंमत नव्यानं धरली जाते, प्रीमियम नव्यानं ठरतो. आणि विमा कायदा १९३८ चं कलम ६४ व्हीबी सांगतं की प्रीमियम आधी जमा झाल्याशिवाय कंपनीनं जोखीम घ्यायचीच नाही. म्हणजे सहा दिवस उशीर झाला असं दाजींना वाटत होतं, पण कंपनीच्या लेखी त्या सहा दिवसांत गाडीला विमाच नव्हता.

मग लोक ९० दिवस, ९० दिवस म्हणतात ते कुठून आलं? ते आहे, पण 'नो क्लेम बोनस'साठी. वर्षभर क्लेम केला नाही की पुढच्या वर्षी गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या प्रीमियमवर २० टक्के सूट मिळते, मग २५, ३५, ४५ करत सलग पाच वर्षं बिनक्लेमची गेली की ५० टक्क्यांपर्यंत जाते. मुदत संपल्यापासून ९० दिवसांच्या आत नवा विमा घेतला तर ही साठवलेली सूट टिकते, नाहीतर पुन्हा शून्यावर. समजा सूट धरण्याआधी हा प्रीमियम ९,००० रुपये आणि सूट ५० टक्के असेल, तर ९१ व्या दिवशी ४,५०० रुपये हातातून गेले. पण त्या ९० दिवसांत गाडी ठोकली तर कंपनी एक रुपयाही देत नाही. सूट जपली जाते, गाडी नाही.

उघड्यावर फिरण्याची किंमत बंपरपुरतीच असती तर चाललं असतं. मोटार वाहन कायद्यानं थर्ड पार्टीचा, म्हणजे आपल्या गाडीनं दुसऱ्याचं नुकसान झालं तर ते भरून देणारा विमा सक्तीचा केलाय. तो नसताना सापडलं तर पहिल्यांदा २,००० रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही; पुन्हा सापडलं तर दंड ४,०००. दंड भरून तरी मोकळं होता येतं. पण तेवढ्यात कुणाला गाडी लागली, तर न्यायाधिकरण ठरवेल ती भरपाई मालकाच्या खिशातून जाते. घर विकायची पाळी येते ती इथं.

नव्या गाडीच्या कागदावर आणखी एक गंमत असते: दोन 'पर्यंत'. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानं १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या कारला तीन वर्षांचा आणि दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदम घ्यावा लागतो. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा भाग मात्र बहुधा एकच वर्षाचा असतो. शोरूममधून बाहेर पडताना 'तीन वर्षं बघायला नको' एवढंच कानात राहतं. वर्ष संपतं, पोलिसांनी अडवलं तरी थर्ड पार्टी चालू असल्यामुळं कुणी काही बोलत नाही, आणि मालक खुशीत. सप्टेंबर २०२५ मध्ये सीना नदीला पूर आला तसं पाणी गाडीत शिरलं की मग कागद बाहेर निघतो. पुराचं नुकसान थर्ड पार्टीत बसत नाही.

नियोजन म्हणाल तर सोपं आहे. एलआयसीचा हप्ता बँकेतून आपोआप जाईल असं करून ठेवता येतं. गाडीच्या प्रीमियमचा आकडाच दर वर्षी बदलतो, त्यामुळं तिथं स्वतः बघावं लागतं. मुदतीच्या आधी दोन-तीन आठवडे पैसे भरले तरी नवा विमा जुना संपल्यावरच सुरू होतो, म्हणजे एकही दिवस वाया जात नाही. चेक देणार असाल तर अजून लवकर द्या, कारण तो वटला नाही तर तुमच्या हातातल्या पॉलिसीचा उपयोग नाही. आणि एजंट फोन करेल या भरवशावर राहू नका. मोबाईल नंबर आपणच बदललेला असतो. गाडीवर कर्ज असलं की बँकच विमा भरते असंही काहींना वाटतं. ईएमआय वेगळा, विमा वेगळा.

दाजींनी शेवटी नवा विमा घेतला. मुदत तुटलेली, म्हणून कंपनीचा माणूस जुळे सोलापुरात घरी आला, चारही बाजूंनी मोबाईलवर फोटो काढले आणि बंपरचं नुकसान आधीचं म्हणून नोंदवून घेतलं. क्लेम मिळालाच नव्हता, त्यामुळं बिनक्लेमचं पाचवं वर्ष पूर्ण धरलं गेलं आणि सूट ४५ ची ५० टक्के झाली. दाजींना हे दोनदा समजावून सांगावं लागलं.

बंपर अजून तारेनं बांधलेलाच आहे. एलआयसीच्या सहामाही हप्त्याची तारीख २८ ला उलटून गेली, आणि दाजी निवांत आहेत. तिथं त्यांचं बरोबर आहे.