एक शून्य सरकले की चिकलठाणा सहारात

छत्रपती संभाजीनगरच्या चिकलठाणा विमानतळाचा रेखांश सुमारे ७५ अंश २४ मिनिटे पूर्व आहे. विमानातील दिशादर्शन संगणकात तो ०७५२४.० असा भरावा लागतो, कारण पहिली तीन घरे अंशांची आणि पुढची मिनिटांची असतात. भरताना सुरुवातीला एक शून्य जास्त पडून ००७५२.४ झाले, तर विमान नायजर देशातील सहारा वाळवंटात, येथून सुमारे सात हजार किलोमीटरवर उभे आहे, असे संगणक धरून चालतो.

हे उदाहरण माझे असले तरी १० मार्च २०१५ रोजी सिडनीत जवळपास हेच घडले. क्वालालंपूरला निघालेल्या एअरएशिया एक्सच्या ए-३३० विमानात १५१०९.८ ऐवजी ०१५१९.८ हा रेखांश भरला गेला आणि यंत्रणेच्या हिशेबात ११ हजार किलोमीटरहून अधिक चूक शिरली. उड्डाणापूर्वीच्या तयारीत त्या दिवशी मुख्य वैमानिक आणि सहवैमानिक यांच्या नेहमीच्या कामांची अदलाबदल झाली होती, आणि उड्डाणाआधी मिळालेले इशारेही लक्षात आले नाहीत. हवेत गेल्यावर विमान भलत्या दिशेला वळून शेजारच्या धावपट्टीच्या उड्डाणमार्गात शिरले. दुरुस्तीच्या प्रयत्नात यंत्रणा आणखी बिघडत गेली. सिडनीवर ढग खाली आलेले असल्यामुळे अखेर ते मेलबर्नला उतरवावे लागले.

आकड्यांप्रमाणे नावेही फसवतात. मराठवाड्यात लग्नाला निघालेल्या माणसाने मोबाइलमध्ये नुसते 'पिंपळगाव' टाकले, तर भोकरदन तालुक्यातील पिंपळगाव रेणुकाईऐवजी तो दुसऱ्याच पिंपळगावच्या वेशीवर पोहोचू शकतो. २० डिसेंबर १९९५ च्या रात्री कोलंबियातील काली शहराकडे उतरणाऱ्या अमेरिकन एअरलाइन्सच्या बोइंग ७५७ विमानाचे असेच झाले. रोझो या विमानांना दिशा दाखवणाऱ्या रेडिओ केंद्राची नकाशावरील खूण 'आर' होती, संगणकात मात्र ते 'आर'खाली नव्हतेच. वैमानिकांनी 'आर' टाकून यादीतले पहिले नाव निवडले आणि ते निघाले बोगोटाजवळचे रोमिओ केंद्र. ऑटोपायलटने आज्ञाधारकपणे विमान डावीकडे, डोंगरांच्या दिशेने वळवले. चूक कळली तेव्हा उशीर झाला होता. धोक्याचा इशारा वाजल्यावर विमान वर खेचताना पंखांवरील वेगरोधक उघडेच राहिले होते. १६३ जणांपैकी १५९ दगावले. समोरच्या डोंगराचा इशारा आणखी आधी देणारी, भूप्रदेशाचा नकाशा साठवलेली यंत्रणा पुढे मोठ्या विमानांना सक्तीची झाली.

अशा वैमानिकांना निष्काळजी म्हणून मोकळे होणे मला पटत नाही. हाताने विमान वळवताना झालेली चूक त्याच क्षणी जाणवते, कारण क्षितिज कलते आणि होकायंत्राचा काटा फिरतो. उड्डाणाआधी टंकलेली चूक मात्र विमान जमिनीवर असेपर्यंत निपचित पडून राहते आणि जागी होते ती नेमकी उड्डाणाच्या धांदलीत.

म्हणूनच एकाने भरलेली माहिती दुसऱ्याने स्वतंत्रपणे, छापील उड्डाण-आराखड्याशी ताडून पाहायची असते, आणि त्यात प्रत्येक टप्प्याची दिशा व अंतरही आले. चिकलठाण्याहून मुंबई सरळ रेषेत सुमारे २८० किलोमीटर, पश्चिमेला किंचित नैऋत्येकडे झुकून आहे. ते जादा शून्य पडले असेल, तर पडद्यावर मुंबई पूर्वेला दिसेल, पावणेसात हजार किलोमीटरवर.