डावपेची मतदान, कॅनडातील
मनातल्या पक्षाला मत न देता, नको असलेल्या पक्षाला पाडण्याची ज्याची ताकद जास्त, अशा दुसऱ्याच पक्षाच्या उमेदवाराला मत देण्याची रीत. कॅनडाच्या संघीय निवडणुकांत तिची चर्चा दर वेळी होते, आणि मतदानाचा दिवस जवळ येईल तशी वाढत जाते.

भारताप्रमाणे तेथेही मतदारसंघात सर्वाधिक मते मिळवणारा निवडून येतो. निम्म्या मतांची अट नाही. उजवीकडे मुख्यतः एकच कॉन्झर्व्हेटिव्ह पक्ष आहे, तर मध्यापासून डावीकडची मते लिबरल, न्यू डेमोक्रॅटिक (एनडीपी), ग्रीन आणि क्वेबेक प्रांतात ब्लॉक क्वेबेक्वा यांच्यात वाटली जातात. महाराष्ट्रात अशी फाटाफूट टाळण्यासाठी पक्ष आघाडी करून जागावाटपाला बसतात. कॅनडातील देशव्यापी पक्ष मात्र बहुतेक सर्व जागा लढवतात, त्यामुळे जागावाटपाचे हे काम प्रत्येक मतदाराला एकट्याने, अंदाजाने करावे लागते. १९९० च्या दशकात हाच फटका उजव्यांना बसत होता. १९९३ मध्ये सत्ताधारी प्रोग्रेसिव्ह कॉन्झर्व्हेटिव्ह पक्ष अवघ्या २ जागांवर आला. उजव्यांच्याच वेगळ्या रिफॉर्म पक्षापासून सुरू झालेली फूट २००३ मधील विलीनीकरणाने बुजली आणि डोकेदुखी डावीकडे गेली.

नेत्यांनी समझोता करून पाहिला नाही असे नाही. २००७ मध्ये लिबरल नेते स्टेफान डियाँ आणि ग्रीन नेत्या एलिझाबेथ मे यांनी एकमेकांच्या मतदारसंघात उमेदवार न देण्याचे ठरवले. एलिझाबेथ मे तरीही पुढच्या वर्षी हरल्या. २००८ मध्ये न्यूफाउंडलंड अँड लॅब्रॅडॉरचे मुख्यमंत्री डॅनी विल्यम्स यांनी ‘कॉन्झर्व्हेटिव्ह सोडून कोणीही’ अशी मोहीम उघडली. ते स्वतः प्रांतातील प्रोग्रेसिव्ह कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाचे होते, हे विशेष. प्रांतातील सातपैकी एकही जागा संघीय कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाला जिंकता आली नाही.

मते एका पक्षाकडून दुसऱ्याकडे किती झपाट्याने सरकतात हे २०१५ मध्ये दिसले. प्रचाराच्या सुरुवातीला टॉम मल्केअर यांचा एनडीपी जनमत चाचण्यांत आघाडीवर होता आणि जस्टिन ट्रूडो यांचे लिबरल तिसरे. कॉन्झर्व्हेटिव्ह पंतप्रधान स्टीफन हार्पर यांना घालवायचेच, असे ठरवलेला मोठा मतदारवर्ग जिंकू शकणारा पक्ष कोणता याची वाट पाहत होता. ७८ दिवसांच्या प्रचारात पारडे लिबरलांकडे झुकले आणि १८४ जागांसह त्यांना बहुमत मिळाले. एनडीपी ४४ वर थांबला.

२०२५ ची उलथापालथ याहून मोठी. जानेवारीत पिएर पॉलिएव्ह यांचे कॉन्झर्व्हेटिव्ह चाचण्यांत २० हून अधिक टक्क्यांनी पुढे होते. मग ट्रूडो पायउतार झाले, त्यांच्या जागी मार्क कार्नी आले, आणि डोनाल्ड ट्रम्प यांच्या आयातशुल्काने व कॅनडा म्हणजे अमेरिकेचे ‘५१ वे राज्य’ या भाषेने निवडणुकीचा विषयच बदलला. २८ एप्रिलला लिबरल १६९ जागा घेऊन पुन्हा सत्तेत आले. एनडीपीची मते सुमारे १८ टक्क्यांवरून सुमारे ६ टक्क्यांवर घसरली आणि त्यांच्या ७ जागा उरल्या. संसदेत अधिकृत पक्षाच्या दर्जासाठी १२ लागतात. नेते जगमीत सिंग स्वतःच्या मतदारसंघात तिसरे आले. ही सगळी मते डावपेचाने गेली असे म्हणणे मात्र घाईचे ठरेल. कार्नी मनापासून पटलेलेही अनेक होते. राज्यशास्त्रज्ञ आंद्रे ब्ले आणि सहकाऱ्यांना १९९७ च्या निवडणुकीत खऱ्या अर्थाने डावपेची मते सुमारे ३ टक्केच आढळली होती.

खरी अडचण माहितीची आहे. चाचण्या देशाच्या किंवा प्रांताच्या असतात, निकाल मतदारसंघाचा लागतो. संकेतस्थळांवरचे मतदारसंघनिहाय अंदाज बहुधा आधीच्या निकालावर नव्या प्रांतिक कलाची बेरीज-वजाबाकी करून काढलेले असतात. व्हँकूव्हर बेटावरील ननाइमो–लेडीस्मिथ हे त्याचे बोलके उदाहरण. २०१९ मध्ये तेथे ग्रीन जिंकले, २०२१ मध्ये एनडीपी. २०२५ मध्ये कॉन्झर्व्हेटिव्हांना रोखायचे तर मत कोणाला द्यायचे? विद्यमान खासदार एनडीपीची, माजी खासदार ग्रीनचा आणि देशभरातली लाट लिबरलांची. तिघांकडेही ‘आम्हीच रोखू शकतो’ म्हणण्यापुरता आधार होता. लिबरलांना सुमारे २८, एनडीपी आणि ग्रीनला प्रत्येकी सुमारे १८ टक्के मते पडली आणि सुमारे ३५ टक्क्यांवर कॉन्झर्व्हेटिव्ह उमेदवार निवडून आली. आँटारिओतील विंडसर वेस्ट आणि लंडन–फॅनशॉ या एनडीपीच्या जागाही कॉन्झर्व्हेटिव्हांकडे गेल्या.

काही मतदार दुसऱ्या मतदारसंघातील अनोळखी माणसाशी मताची अदलाबदल ठरवतात. त्यात पैसा गुंतला नसेल तर कायदा आड येत नाही. पण मतपत्रिका गुप्त असल्याने समोरच्याने शब्द पाळला की नाही हे कधीच कळत नाही.

मतदानाची पद्धतच बदलली तर हा पेच सैल होईल, हे जुने म्हणणे आहे. या पद्धतीने होणारी ही शेवटची निवडणूक, असे ट्रूडो यांनी २०१५ मध्ये सांगितले होते. फेब्रुवारी २०१७ मध्ये त्यांच्या सरकारने तो विषय सोडून दिला. जानेवारी २०२५ मध्ये पद सोडण्याची घोषणा करताना, मतदाराला एकाच मतपत्रिकेवर दुसरी-तिसरी पसंती देता येईल असा बदल करू शकलो नाही, याची खंत त्यांनी बोलून दाखवली.